रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतेच : ताणतणाव आणि सर्वांगदुखी

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले की महिला थोडा वेळ तिथेच टेकतात. घरचे, शेतातले, लेकीबाळींचे विषय निघतात. प्रकृतीचा विषय निघाला की चिखली असो, मेहकर असो की जळगाव जामोद, एक वाक्य हमखास ऐकू येते : "आंग पुरं ठनकते बाई, कुठंकुठं सांगू?" मान, खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या, सगळेच. रात्री "डोयाले डोया लागत नाही." सकाळी उठावे तर झोप झालीच नाही असे वाटते. रक्त तपासले, एक्स-रे काढला, कोणी कर्ज काढून एमआरआयही केला. रिपोर्टमध्ये काही निघाले नाही.

तिथून पुढे त्या बाईची खरी परवड सुरू होते. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. सासू म्हणते, आम्ही काय कमी राबलो? डॉक्टर घाईत असतात, ते म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." हा शेवटचा सल्ला तर सर्वांत निरुपयोगी. टेन्शन कोणी दुकानातून विकत घेत नाही.

मानसिक ताणाचा आणि अशा अंगभर पसरलेल्या जुनाट दुखण्याचा संबंध आहे, हे आता वैद्यकशास्त्राला बऱ्यापैकी कळले आहे. पण संबंध आहे याचा अर्थ दुखणे काल्पनिक आहे असा होत नाही. आम्ही डॉक्टर नाही, कार्यकर्ते आहोत. तरीही हा विषय आम्ही मांडतो आहोत, कारण दवाखान्यापर्यंत पोहोचण्याआधी आणि दवाखान्यातून रिकाम्या हाताने परतल्यावर ही माणसे भेटतात ती आपल्याला.

या दुखण्याला नाव आहे

तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, अशा दुखण्याला स्वतंत्र आजाराचा दर्जा मिळाला. म्हणजे दुखणे हे दुसऱ्या कुठल्या तरी रोगाचे लक्षणच असले पाहिजे, ही अट गेली. शरीराच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना, कंबरेच्या वर आणि खाली, आणि पाठीच्या कण्याच्या रेषेत, असे सगळीकडे दुखत असेल तर ती सर्वांगदुखी. त्यातच कमालीचा थकवा, न भरणारी झोप आणि विसराळूपणा मिसळला की डॉक्टर 'फायब्रोमायल्जिया' हे नाव वापरतात. याची कोणतीही रक्तचाचणी नाही, एक्स-रेमध्ये ते दिसत नाही. रुग्णाला विचारून, तपासून आणि बाकीचे आजार वगळूनच त्याचे निदान होते. 'रिपोर्ट नॉर्मल' येण्यात म्हणून नवल काहीच नाही.

हे शहरी बायकांचे दुखणे आहे, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांमध्ये सुमारे १८ टक्के लोकांना असे काही ना काही दुखणे होते. आमवातासारखे ठळक सांधेरोग त्यात थोडेच. मोठा हिस्सा होता तो कोणत्याही ठराविक सांधेरोगात न बसणाऱ्या अंगदुखीचा. खेडे, शेती, अंगमेहनत, सगळे आपल्यासारखेच.

आपल्या जिल्ह्याचा एक ताजा प्रसंग आठवून पाहा. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. बातम्या झाल्या, आयसीएमआरचे पथक आले, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले. ते योग्यच झाले. पण केस डोळ्यांना दिसतात. त्याच गावांत वर्षानुवर्षे ठणकणाऱ्या कंबरा आणि खांदे दिसत नाहीत, त्यांच्यासाठी कोणतेही पथक येत नाही.

शरीर जागलीवर असते तेव्हा

रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून आपल्याकडे रात्री शेतात जागलीला जावे लागते. पहिल्या रात्री माणूस सावध असतो, पण बारीकसारीक आवाजाकडे दुर्लक्षही करतो. दोनदा पीक उद्ध्वस्त झाले की मग पान सळसळले तरी तो काठी घेऊन उठतो. महिनाभर अशी जागल झाली की घरी आल्यावरही त्याची झोप मोडत राहते. ताण शरीराला नेमके हेच करतो. (जागल्या हे एके काळी आपल्या पूर्वजांवर लादलेले गावकामही होते, हा योगायोग आम्हाला विसरता येत नाही.)

संकट समोर आले की मेंदूतून संदेश निघतो. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडतात. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, लक्ष धोक्यावर खिळते. साप दिसला तर ही व्यवस्था जीव वाचवते. साप गेला की थोड्या वेळाने सगळे पूर्ववत. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ताणाला शरीर कसा ठरावीक प्रतिसाद देते हे मांडले, तेव्हापासून यावर अफाट काम झाले आहे. अडचण अशी की ही व्यवस्था सापासाठी बनलेली आहे, गटाच्या हप्त्यासाठी नाही. हप्ता दर आठवड्याला येतो. दारू पिऊन येणारा नवरा रोज रात्री येतो. त्या घरात संकट संपतच नाही, म्हणून ताठ झालेले स्नायू सैल होत नाहीत. मान आणि खांदे सर्वांत आधी का दुखतात, त्याचे एक कारण इथे आहे.

दुसरी गोष्ट मज्जासंस्थेत घडते. बोटाला काटा टोचला की चेतातंतू तो संदेश मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत नेतात आणि तिथून तो मेंदूत जातो. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी दाखवून दिले की हा रस्ता सरळ नाही, मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. किती संदेश वर सोडायचे हे तिथे ठरते, आणि मेंदूही वरून ते फाटक कमी-जास्त उघडू शकतो. लग्नाच्या धावपळीत पायाला लागलेली ठेच रात्री लक्षात येते, ती त्यामुळेच. मेंदूकडून खाली येणारा हा दुखणे दाबणारा प्रवाह सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनालिन या रसायनांवर चालतो. मनाची उभारी आणि झोप यांच्याशीही याच रसायनांचा संबंध आहे. दीर्घ ताणात हा प्रवाह क्षीण होतो, फाटक उघडेच राहते.

त्याच्या जोडीला मज्जारज्जू आणि मेंदूतल्या पेशी स्वतःच जास्त संवेदनशील होऊ शकतात. क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये हे प्रयोगातून दाखवले. एकदा तसे झाले की साधा स्पर्श, बांगडीचा दाब, थंड वारा हेसुद्धा दुखू लागते. जागलीवरचा माणूस पानाच्या आवाजाला उठतो, तसेच. इथे दुखण्याची जागा निरोगी असू शकते आणि दुखणे तरीही शंभर टक्के खरे असते. "मनाचे खेळ" म्हणणाऱ्यांना आमचे हेच उत्तर आहे.

तिसरा दुवा झोपेचा, आणि आमच्या मते खेड्यात सर्वांत दुर्लक्षित राहिलेला तोच आहे. १९७५ मध्ये कॅनडातले डॉ. हार्वी मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांना रात्री गाढ झोप लागू दिली नाही. ती लागू लागली की आवाज करून मोडायची, पूर्ण जागे मात्र करायचे नाही. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले, दाबले की दुखरे ठिपके सापडू लागले. कोणताही रोग नव्हता, फक्त गाढ झोप काढून घेतली होती. आता पहाटे साडेचारला उठून स्वयंपाक, धुणे, पाणी उरकून कपाशी वेचायला जाणारी आणि रात्री अकराला पाठ टेकवणारी, तीही हप्त्याच्या विचारात, अशी बाई डोळ्यांसमोर आणा.

ताण हेच एकमेव कारण, असे मात्र कोणी म्हणू नये. अनुवंश, जुनी दुखापत, एखादा संसर्ग, वयातले बदल, सगळ्यांचा वाटा असतो. शिवाय गाडी दोन्ही दिशांनी धावते. ताणाने दुखणे वाढते, दुखण्याने मजुरी बुडते, मजुरी बुडाली की ताण वाढतो.

ताणाला पत्ता असतो

पुस्तकात 'मनोसामाजिक घटक' असा एक गुळगुळीत शब्द भेटतो. बुलढाण्यात त्या घटकांची नावे सांगता येतात. सोयाबीनचा भाव पाडणारा हंगाम. पेरणीनंतर महिनाभर न येणारा आणि सोंगणीच्या दिवशी कोसळणारा पाऊस. सावकार आणि मायक्रोफायनान्स या दोघांचाही एकाच महिन्यात आलेला तगादा. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात बुलढाणा होता. शेतकरी आत्महत्यांची चर्चा तेव्हापासून होते आहे. पण ज्या घरात आत्महत्या होत नाही, माणसे फक्त वर्षानुवर्षे खंगत जातात, त्या घराची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. आणि चर्चेत सातबारा असलेला शेतकरी असतो. आपल्या समाजातले बहुसंख्य लोक भूमिहीन किंवा एक-दोन एकरवाले. दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाणारी बाई शेतकरी धरली जात नाही, पण पीक बुडाले की तिची मजुरी सर्वांत आधी बुडते.

त्यात जातीचा ताण वेगळा. मारहाण झाली, बहिष्कार पडला तर निदान बातमी होते. रोजचा ताण त्याहून बारीक असतो. दुकानात पैसे हातात न देता गल्ल्यावर ठेवायला सांगणे, आडनाव ऐकल्यावर बदललेला आवाज, भाड्याची खोली 'आत्ताच गेली' असे उत्तर. प्रत्येक वेळी अपमान होतोच असे नाही. पण होईल या अंदाजाने माणूस सावध राहतो, आणि सावध राहणे म्हणजेच शरीराची जागल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांमध्ये भेदभावाचा अनुभव आणि पाठदुखी यांचा संबंध अभ्यासकांनी नोंदवला आहे. आपल्याकडे जात आणि अंगदुखी यांवर असे काम व्हायला हवे. सामाजिक कार्य आणि मानसशास्त्र शिकणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी हा विषय संशोधनासाठी घ्यावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुलेही यातून सुटलेली नाहीत. अभ्यासिकेत दहा-बारा तास वाकून बसणे, पुढे ढकललेल्या परीक्षा, घरून येणारा "कधी लागशील?" हा प्रश्न. पंचविशीत मान आणि पाठ धरलेली पोरे आम्ही पाहतो. ती दुखण्यावर बोलत नाहीत, बाम चोळतात.

आधी हे तपासा

इथे एक इशारा द्यायलाच हवा. 'ताणाने दुखते' हे वाक्य आळशी डॉक्टरच्या आणि अर्धवट कार्यकर्त्याच्या तोंडी धोकादायक आहे. विदर्भात, विशेषतः आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये, सिकलसेल आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिले होते. सिकलसेलचा रुग्ण हाडे-सांधे भयंकर दुखतात म्हणून तळमळत असताना त्याला कोणी 'टेन्शन' म्हणून परत पाठवले तर तो अन्याय आहे. अंगदुखीच्या तरुण रुग्णाची, घरात कोणाला सिकलसेल असेल तर नक्कीच, आधी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटी चाचणी होते.

रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वांची कमतरता यांनीही अंग दुखते. सांधे सुजणे, सकाळी तासभर आखडलेले राहणे, सतत ताप, वजन घटणे, रात्री घाम, हातापायातली ताकद जाणे, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यातले एकही लक्षण असेल तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जायचे. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही.

आणखी एक. अंगावरून पांढरे जाते आणि कंबर दुखते, ही तक्रार आपल्या बायका जोडीनेच सांगतात. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार महिलांचा अभ्यास केला, तेव्हा पांढरे जाण्याच्या तक्रारीशी जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताण आणि उदासीनता यांचा संबंध जास्त ठळक निघाला. पण खेड्यातल्या बाईला या तक्रारीवर काय मिळते? बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांचा प्रश्न तपासला. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणता येणार नाही. मात्र 'पिशवी काढली की कंबर दुखायची थांबेल' या आश्वासनावर सही करण्यापूर्वी सरकारी दवाखान्यातल्या दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या, एवढे आपण प्रत्येक वस्तीत सांगू शकतो.

सुई, सलाईन आणि खारपाणपट्टा

सर्वांगदुखीवर गावोगाव मिळणारा उपचार म्हणजे एक सुई, कधी सलाईन आणि पुडीत बांधलेल्या चार गोळ्या. सुईत बहुधा डायक्लोफेनॅक असते, पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड. दोन दिवस बरे वाटते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरे वाटते म्हणूनच ही चटक लागते. युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये फायब्रोमायल्जियावरच्या सगळ्या उपचारांचा पुरावा तपासला. या वेदनाशामकांचा या दुखण्यात खास उपयोग दिसला नाही, आणि स्टेरॉइड देऊ नये, असे त्यांनी स्पष्ट म्हटले. कारण सरळ आहे. या गोळ्या सूज उतरवतात, आणि इथे सूज नसते, फाटक बिघडलेले असते.

आपल्या जिल्ह्यात प्रश्न केवळ पैसे वाया जाण्याचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या भागातल्या गावांतून किडनीच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षे येत आहेत. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. उन्हात राबताना अंगातले पाणी कमी झालेले असेल तर धोका वाढतो. पिण्याचे पाणी खारे आहे म्हणून कमी प्यायचे, दिवसभर उन्हात वेचणी करायची आणि संध्याकाळी अंग दुखते म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची. यापेक्षा वाईट मेळ दुसरा नाही. या पट्ट्यात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की आरोग्य शिबिरात बीपी-शुगरसोबत क्रिएटिनिनची तपासणीही ठेवा, आणि महिन्याला किती वेदनाशामक गोळ्या घेता हे प्रत्येकाला विचारा.

भगवंतांची पाठ

मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात एक साधा प्रसंग आहे. कपिलवस्तूला शाक्यांनी नवे सभागृह बांधले होते. भगवान बुद्धांनी तिथे रात्री उशिरापर्यंत उपदेश केला आणि मग पुढचे आनंदांना सांगायला लावले, कारण त्यांची पाठ दुखत होती. त्यांना आडवे व्हायचे होते. भरसभेत बुद्धांनी हे सांगितले, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. हा प्रसंग प्रवचनांत फारसा सांगितला जात नाही. आपल्या घरातली आई मात्र पाहुण्यांसमोर कंबर धरून चहा करत राहते.

संयुत्त निकायातले सल्ल सुत्त जास्त परिचित आहे. बाण लागलेल्या माणसाला लगेच दुसरा बाण लागावा, तसे अजाण माणूस शारीरिक दुःखावर मनाचे दुःख ओढवून घेतो, असा त्याचा आशय. आजच्या वेदनाशास्त्राचे डॉक्टरही हा दृष्टान्त आवडीने देतात. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्मृतीच्या सरावावर आधारित आठवड्यांचा एक कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठीच. २०१६ मध्ये कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, सहा महिन्यांनी, असा सराव केलेल्यांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या हालचालीत ठळक सुधारणा झाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४४ टक्के होते. फरक आहे, पण चमत्कार नाही. आपले साधक कधी कधी तसे सांगतात, म्हणून नोंदवले.

सल्ल सुत्ताचा आपल्याकडे एक गैरवापरही होतो. "दुसरा बाण तू स्वतःच मारून घेतोस" असे दुखणाऱ्या माणसाला ऐकवले जाते. शरीरशास्त्र सांगते की दीर्घ ताणाने पहिला बाणही जास्त खोल रुततो, म्हणजे मूळ संदेशच मोठा होतो. आणि दुसरा बाण मारणारे हात पुष्कळदा बाहेरचे असतात : सावकाराचे, ठेकेदाराचे, नवऱ्याचे. पूर्वजन्मीचे भोग म्हणून दुखणे सोसायला सांगणारी परंपरा आपण १९५६ मध्ये सोडून आलो आहोत. धम्माच्या भाषेत तीच गोष्ट परत घरात आणायची नाही. दहा दिवसांच्या शिबिराचा सल्ला देतानाही भान हवे. रोजंदारीवरच्या बाईला दहा दिवस सुटी कोण देणार? आणि ज्याच्या मनात आत्महत्येचे विचार येत आहेत त्याला डॉक्टरला विचारल्याशिवाय मौनात बसवू नये.

काय करता येते

सुरुवात "दुखतंय हे खरं आहे" या वाक्याने करायची. ऐकायला साधे वाटते, पण पाच-सहा वर्षे कोणी विश्वास न ठेवलेल्या बाईला ते वाक्य ऐकल्यावर रडू येते, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर फाटकाची आणि जागलीची गोष्ट सांगा. काय होते आहे हे कळले की भीती कमी होते, आणि भीती हे ताणाचेच एक रूप आहे.

युरोपीय तज्ज्ञांच्या त्याच अहवालात एकाच उपचाराची ठाम शिफारस होती, ती व्यायामाची. आता दिवसभर वाकून खुरपणी करणारीला व्यायाम सांगणे म्हणजे थट्टा, असे कोणी म्हणेल. पण मजुरी म्हणजे व्यायाम नव्हे. मजुरीत एकच हालचाल हजार वेळा, ठेकेदाराच्या वेगाने आणि थांबण्याची मुभा नसताना करावी लागते. इथे सांगितलेली हालचाल स्वतःच्या वेगाने, थोडीशी, हळूहळू वाढवत न्यायची असते : दहा मिनिटे चालणे, मान-खांदे-कंबर ताणून सैल करणे. विहाराच्या अंगणात संध्याकाळी महिलांनी मिळून हे केले तर निम्मे औषध सोबतीतच आहे. वर्षावासाचे तीन महिने त्यासाठी उत्तम.

झोपेसाठी घराने बदलायचे आहे. पहाटेचे पाणी मुलाने भरले, रात्रीची भांडी नवऱ्याने घासली, तर आईला मिळणारा एक तास हा उपचार आहे. समतेवर भाषणे देणाऱ्या आपल्या तरुणांनी हा उपचार आजपासून सुरू करावा.

औषधे आहेत. अॅमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारखी औषधे तो दुखणे दाबणारा प्रवाह सुधारतात. ती मूळची उदासीनतेवरची म्हणून "मला वेड्याची गोळी दिली" असे रुग्णाला वाटते आणि तो ती फेकून देतो. ही समजूत आपण आधीच दूर करायला हवी. औषध मात्र डॉक्टरच्याच सल्ल्याने.

समुपदेशन खेड्यात चालते का, याचे उत्तर आपल्याच विभागात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी बोलणे, गावात समुपदेशक आणि गरज लागल्यास मनोविकारतज्ज्ञ, अशी त्याची रचना होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, उदासीनता असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. गावात बोलायला माणूस असला तर लोक बोलतात.

बुलढाण्यात आज हाताशी काय आहे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ नुसार सरकारी खर्चाच्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचार विभागाची मागणी करताना हे कलम तोंडावर असू द्या. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येते. दुखण्याने कंटाळलेला माणूस "आता जगून काय करू" म्हणू लागला, तर "मरणाचे विचार येतात का?" असे त्याला सरळ विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्या घरातली फवारणीची औषधे त्याच दिवशी शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा आणि १४४१६ वर फोन लावून त्याच्या हातात द्या.

रुग्णाला घेऊन ओपीडीत जाणार असाल तर आदल्या संध्याकाळी आशाताईंना सोबत घेऊन एक कागद तयार करा. माणसाच्या आकृतीवर दुखण्याच्या जागा रंगवा. किती महिने दुखते, रात्री किती तास झोप लागते, सांधे सुजतात का, घरात सिकलसेल कोणाला आहे, हे चार ओळींत लिहा. आजवर खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घ्या. पुडीतल्या सुट्या गोळ्या असतील तर त्याही घ्या. डॉक्टरांकडे तीन मिनिटे असतात, त्यातले पहिले मिनिट या कागदाला मिळेल असे पाहा.